जुने डाकोटा विमान उघड्यावर ठेवल्यास किती टिकते आणि त्यासाठी कोणता रंग घ्यावा?

चिकोडी भागातील आपल्या शिक्षणसंस्थेला वायुदलाचे एक निवृत्त डाकोटा, म्हणजे महायुद्धकाळातील दोन इंजिनांचे वाहतूक विमान, मिळण्याची शक्यता आहे आणि ते आवारात उघड्यावर उभे करायचे आहे, असे आपण लिहिले आहे. कोणता रंग टिकेल, वर्षाला किती खर्च येईल आणि पुढेमागे हे विमान पुन्हा उडवता येईल का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. रंगाचा प्रश्न आपण सर्वांत आधी विचारलात, म्हणूनच मी हे उत्तर लिहीत आहे. मी वायुदलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि कातडी सांभाळणारा कारागीर होतो, माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षे डाकोटावरच गेली आणि निवृत्तीनंतर बेळगावजवळच्या मुतग्याला परतल्यावर आपल्याच सीमाभागातील एका संस्थेच्या आवारातील डाकोटा रंगाखाली मरताना मी पाहिले आहे.

उडवण्याचा विचार आजच सोडून द्या. २०१८ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीहून निघून जामनगरला उतरलेले आणि पुढे दिल्लीजवळच्या हिंडन तळावर वायुदलात दाखल झालेले ‘परशुराम’ हे डाकोटा आपण वाचलेच असेल. त्यावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे, कारण २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या पहिल्या डाकोटाचा तो क्रमांक होता. परंतु ते विमान इंग्लंडमधील जाणकार कारखान्यात पूर्ण उघडून, तपासून आणि पुन्हा जोडून उडण्यायोग्य केले गेले, आणि आता त्याच्यामागे वायुदलाची संपूर्ण यंत्रणा उभी आहे. चौदा सिलिंडरांची दोन ट्विन वॅस्प इंजिने सांभाळणारे हात, त्यांचे सुटे भाग, विमानाचे पेट्रोल आणि उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र या गोष्टी कोणत्याही शाळेच्या आवाक्यातील नाहीत. उभे विमान नीट उभे ठेवणे हेच मोठे काम आहे आणि ते आपल्याकडे होत नाही.

मी ज्या विमानाविषयी सांगतो आहे ते संस्थेकडे आले तेव्हा चांगल्या स्थितीत होते. आतील दोन्ही बाजूंची घडीची बाके शाबूत होती, छताजवळून जाणारी तार, म्हणजे अँकर केबल, ताणलेली होती आणि वैमानिकाच्या कक्षातील बहुतेक घड्याळे, म्हणजे मापकयंत्रांच्या तबकड्या, जागेवर होती. पहिल्याच वर्षी प्रजासत्ताक दिनाआधी समितीने ते रंगवायला काढले. कंत्राटदाराच्या माणसांनी ग्राइंडरला खरकागद लावून जुना रंग उघड्या धातूपर्यंत घासून काढला, जेथे जेथे खोलगट दिसले तेथे लांबी (पुट्टी) भरली आणि वर एनॅमलचे दोन हात दिले. २६ जानेवारीला विमान उन्हात आरशासारखे चमकत होते आणि अध्यक्षसाहेबांनी आपल्या भाषणात त्या चमकेचा उल्लेख केला.

त्या घासण्याने काय झाले ते समजून घ्या. डाकोटाची कातडी म्हणजे निव्वळ ॲल्युमिनियम नव्हे. तांबे मिसळलेला बळकट मिश्रधातू आत असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर कारखान्यातच चढवलेला असतो. हवा आणि पाणी यांच्याशी खरा सामना तोच थर करतो. ग्राइंडरने तो एकदा गेला की तो परत चढवता येत नाही आणि आतील मिश्रधातू उघडा पडतो, मग त्यावर कितीही महाग रंग लावा. पैसे मोजून विमानाचे संरक्षणच काढून टाकण्याचा तो प्रकार होता.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर होती. डाकोटा आपल्या तीन चाकांवर उभे असते तेव्हा त्याचे नाक वर आणि शेपूट खाली असते, आणि त्याच्या पुढच्या काचा उडत्या काळातही पाणी आत घेण्याबद्दल कुप्रसिद्ध होत्या. पावसात उड्डाण असले की वैमानिकांचे गुडघे भिजत. आत आलेले पाणी जमिनीच्या फळ्यांखालून वाहत शेपटीकडे जाते आणि तळाच्या निचऱ्याच्या छिद्रांतून बाहेर पडते. ही छिद्रे लहान असतात आणि ती तेथे का आहेत हे ठाऊक नसलेल्या माणसाला ती डागासारखी दिसतात. रंगाऱ्यांनी ती लांबीने बुजवून टाकली.

जूनमध्ये झड लागली. बेळगावचा पाऊस कोकणाएवढा नसला तरी तो दिवसचे दिवस उघडत नाही आणि या ओलीत धातूला कोरडे होण्यास वेळच मिळत नाही. जुलैअखेरीस मी शेपटीच्या चाकाजवळचे तपासणीचे झाकण उघडले, तेव्हा तांबूस पाण्याची धार माझ्या हातावरून मनगटापर्यंत आली. त्यात कबुतरांची पिसे होती, त्यांची विष्ठा होती आणि सुटलेल्या रंगाचे तुकडे होते. पाणी ओसरल्यावर बॅटरीच्या उजेडात तळाचे स्ट्रिंगर, म्हणजे कातडीला आतून आधार देणाऱ्या लांब पट्ट्या, पाहिल्या तर त्यांच्यावर पांढरी भुकटी फुलून आली होती आणि एका कोनपट्टीचे थर चिरोट्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकमेकांपासून सुटले होते. स्क्रूड्रायव्हरचे टोक मी जोर न लावता टेकवले आणि ते आत गेले. बाहेरून त्याच जागी रंग गुळगुळीत होता, एक ओरखडासुद्धा नव्हता.

मी ते समितीपुढे मांडले, छिद्रे स्वतः मोकळी केली आणि रंगाचा पुढील खर्च थांबवून त्या पैशांत पत्र्याची शेड उभारण्याची विनंती केली. अध्यक्षसाहेबांचे उत्तर मला आजही जसेच्या तसे आठवते: “लोक विमान बाहेरून बघतात, आणि विमान जुनेच आहे, ते कधी ना कधी जायचेच.” पुढच्या जानेवारीत पुन्हा रंग झाला. काही पावसाळ्यांनंतर शेपटीच्या चाकाचा आधार खचला, तेव्हा शेपटीखाली सिमेंटचा खांब घातला गेला आणि त्या खांबालाही विमानाचाच रंग दिला गेला.

त्या वाक्याचे उत्तर मला तेव्हा सभेत पूर्ण देऊ दिले गेले नाही, म्हणून ते येथे देतो. विमान जुने झाल्यामुळे जात नाही. डाकोटाचा मूळ नमुना १७ डिसेंबर १९३५ रोजी प्रथम उडाला, महायुद्धाच्या काळात ही विमाने दहा हजारांहून अधिक संख्येने बनली आणि त्यांतील कित्येक आजही उडतात. २०१९ च्या जूनमध्ये महायुद्धातील नॉर्मंडी स्वारीच्या पंचाहत्तराव्या स्मृतिदिनाला अमेरिकेहून अटलांटिक ओलांडून अशी विमाने आली होती. अमेरिकेतील ऑशकॉश येथे तर जुन्याच सांगाड्यांवर टर्बोप्रॉप इंजिने बसवून त्यांना नवे कामकरी आयुष्य दिले जाते. त्यांचे वय आपल्याकडच्या विमानाएवढेच आहे. त्यांना छप्पर मिळाले, त्यांचा तळ कोरडा राहिला आणि त्यांना कोणी ना कोणी नियमितपणे उघडून पाहिले, एवढाच फरक आहे.

लोक बाहेरूनच बघतात हेही खरे नाही. एकदा खानापूर तालुक्यातील एक वृद्ध निवृत्त सुभेदार नातवाचा हात धरून ते विमान पाहायला आले. बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइलला छत्रीने उतरलेल्या पॅरा बटालियनमध्ये ते होते. ती बटालियन मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, आणि त्या रेजिमेंटचे केंद्र आपल्या बेळगावात आहे, तेव्हा हे विमान आपल्या भागातील घराघरांशी जोडलेले आहे हे वेगळे सांगायला नको. त्यांनी रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. डाव्या बाजूच्या मागील दारातून ते आत चढले, बाकावर बसले, थोड्या वेळाने उठून उभे राहिले आणि वर न पाहता हात उंच करून अँकर केबल धरली. छत्री उघडणारा पट्टा ज्या तारेला अडकवतात ती हीच तार. पुढच्या रंगकामाच्या वेळी ती तार ‘लोंबते’ म्हणून काढून टाकण्यात आली आणि बाके भंगारात गेली. मूळ सामान, मूळ रंगाच्या खुणा आणि वायुदलाच्या कारागिरांनी मारलेली जुनी ठिगळेसुद्धा तशीच ठेवली पाहिजेत, कारण ते विमान कोणी आणि कसे वापरले याचा पुरावा त्यांतच असतो.

आता आपण काय करावे ते सांगतो. आधी शेड, मग विमान. डाकोटाचा पंखविस्तार सुमारे २९ मीटर, लांबी साडेएकोणीस मीटरच्या आसपास आणि उंची सव्वापाच मीटरच्या जवळपास असते. तेव्हा चारही बाजूंनी चालण्याची जागा धरून शेडचे माप काढावे आणि भिंती नसल्या तरी चालतील, पण पश्चिमेकडची बाजू पावसाच्या झोतापासून झाकलेली असावी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातील कोणताही चांगला फॅब्रिकेटर हे काम करील. आणताना बाहेरचे पंख बोल्ट सोडून वेगळे करता येतात, परंतु मधला पंख धडाशी एकजीव असल्यामुळे ट्रेलरवरील भार रुंद होतो आणि रस्ता आधी मोजावा लागतो. ओडिशाचे माजी मुख्यमंत्री आणि वैमानिक बिजू पटनायक यांचे डाकोटा जानेवारी २०२३ मध्ये कोलकात्याहून भुवनेश्वरला असेच सुटे करून रस्त्याने नेले गेले. पंख सुटे असतानाच त्यांच्या जोडाच्या कोनपट्ट्या तपासून घ्याव्यात, कारण या विमानाचे दुखणे बहुधा तेथून सुरू होते आणि एरवी ती जागा पट्टीखाली झाकलेली असते.

विमान लोखंडी आधारावर चढवणार असाल तर लोखंड आणि ॲल्युमिनियम यांची थेट गाठ पडू देऊ नका. मध्ये रबराचा जाड पट्टा हवाच, नाहीतर ओल आली की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. सुकाणू, एलेव्हेटर आणि एलेरॉन या शेपटीच्या आणि पंखांच्या हलत्या भागांवर धातू नसून कापड असते. ते फाटले म्हणून वर पत्रा ठोकू नये. उडवायचे नसल्यामुळे बेळगावातील वडगावच्या विणकरांकडून घट्ट विणीचे सुती कापड घेऊन, ते बरगड्यांना शिवून त्यावर डोप, म्हणजे कापड ताणून घट्ट करणारे रोगण, चढवता येते. वळवाच्या वाऱ्यात हे भाग आपटून तुटतात, म्हणून त्यांना बाहेरून खुंटी लावून घट्ट ठेवा आणि विमान जमिनीला बांधा. इंजिनात संरक्षक तेल घालून स्पार्क प्लगांच्या जागी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे प्लग बसवावेत. आतील दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदलायचे, हे आठवीतला विद्यार्थीसुद्धा पाहू शकतो. कबुतरांसाठी प्रत्येक मोठे भोक जाळीने बंद करावे, निचऱ्याचे एकही नाही.

खर्चाचा आकडा मी देत नाही, कारण विमान कोणत्या स्थितीत मिळते यावर तो ठरतो. शेडचा खर्च एकदा होतो आणि रंगाचा दरवर्षी होतो, एवढा हिशोब समितीपुढे ठेवण्यास पुरेसा आहे. रंग शेवटी आणि फक्त जेथे मूळ रंग सुटला आहे तेथेच द्यावा, हाताने हलके साफ करून, योग्य प्रायमरवर. ग्राइंडर आवारात येऊ देऊ नये.

काही धोके मात्र ध्यानात ठेवावे लागतील. त्या काळातील काही घड्याळांच्या काट्यांवर रेडियमचा रंग असतो; ती उघडू किंवा खरवडू नयेत आणि विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नयेत. जुना हिरवट-पिवळा क्रोमेट प्रायमर कोरडा घासला तर त्याची धूळ विषारी असते. इंजिनाजवळच्या जुन्या वेष्टनांत ॲस्बेस्टॉस असू शकते. शिवाय विमान आपल्याला कोणत्या अटींवर मिळते ते कागदावर नीट वाचावे. मालकी वायुदलाकडेच राहणार असेल तर कोणताही भाग बदलण्याआधी लेखी परवानगी घ्यावी लागेल.

आपल्या समितीतही रंगाची निविदा आधी काढू म्हणणारे कोणीतरी असणारच. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नका. पहिल्या बैठकीत ठराव करून घ्या की शेड पूर्ण होईपर्यंत रंगावर एक रुपयाही खर्च होणार नाही आणि दर पावसाळ्यात ऑगस्टमध्ये शेपटीकडचे झाकण उघडून तळ तपासला जाईल. त्या तपासणीच्या वेळी अध्यक्षांनी स्वतः बॅटरी घेऊन आत पाहावे आणि नोंदवहीत सही करावी, हेही त्याच ठरावात लिहून घ्या.