आधी रेस सोडायला शीक

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. "काका, घोड्यांच्या रेसवर पैसे लावायची तुमची पद्धत सांगा, मी डोळे झाकून तशीच लावीन," असं तू लिहिलं आहेस. डोळे झाकून लावणार असशील तर माझीच काय, कुणाचीही पद्धत तुझ्या कामाची नाही. पण शिकायची तयारी असेल तर मला जे कळतं ते सगळं तुला द्यायला मला आवडेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू पाठवलेली गेल्या शनिवार-रविवारची यादी पाहिली. दोन्ही दिवशी तू एकूण एक रेसवर पैसे लावलेस. दिवसाच्या सात-आठ रेस, प्रत्येक रेसमध्ये आठ-दहा घोडे. एवढ्या साऱ्यांबद्दल स्वतःचं मत असणं पहाटे साडेपाचपासून ट्रॅकवर उभ्या राहणाऱ्या माणसालाही जमत नाही. तेव्हा पहिलं काम हे, की कोणत्या रेस आपल्या नाहीत ते ओळखायचं. दिवसाकाठी एखादी, फार तर दोन रेस उरतील. एकही न उरली तर स्टँडमध्ये बसून घोडे बघ. पुण्याच्या पावसाळी हवेत तो दिवस वाया जात नाही.

आपली रेस कोणती, हे आपली नजर कुठे चालते त्यावर ठरतं. काहींना आकडे कळतात. सकाळच्या ट्रॅकवर्कच्या, म्हणजे सरावाच्या, वेळा छापून येतात, त्या ते टिपून ठेवतात. मात्र त्या वाचायला धीर लागतो. 600 मीटर एक घोडा 38 सेकंदांत 'इझी', म्हणजे जोर न लावता, आला आणि दुसरा दाबून 37 मध्ये आला, तर मी आधी पहिल्याकडे बघेन. पाठीवर जॉकी होता की वजनदार रायडर, सोबत कोणता घोडा पळाला, हे कळल्याशिवाय नुसत्या सेकंदांना अर्थ नाही. काहींना पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या आवारात, घोडा कळतो. तो मोकळा चालतो आहे की घामानं भिजून बिथरला आहे, मागच्या वेळेपेक्षा अंगानं भरला आहे का, वगैरे. तुझे बाबा सांगतात की तुला घोड्याची चाल लक्षात राहते. ही देणगी थोड्यांनाच असते, तिच्यावर मेहनत घे. पण पॅडॉकमध्ये प्रत्येक घोडा पहिल्यांदाच बघत असशील तर तुलना कशाशी करणार? तेच पन्नास-साठ घोडे अख्खा हंगामभर बघ, मग फरक दिसू लागेल.

मी स्वतः हँडिकॅप रेस बघतो, कारण त्यात तर्काला जागा आहे. प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून रेटिंग मिळतं आणि त्याप्रमाणे पाठीवर वजन चढतं. रेटिंगच्या एका गुणाला अर्धा किलो, हा आपल्याकडचा हिशेब. घोडा जिंकला की हँडिकॅपर, म्हणजे रेटिंग ठरवणारा अधिकारी, त्याचं रेटिंग वाढवतो, हरत राहिला की उतरवतो. सगळे घोडे एका रेषेत पोचावेत, हा त्यामागचा हेतू. आता क्लास फोरमध्ये, म्हणजे खालच्या रेटिंगच्या गटात, सहज जिंकलेला घोडा घे. रेटिंग वाढून तो क्लास थ्रीमध्ये जातो. खाली तो बासष्ट किलोच्या आसपास घेऊन पळत होता, वर आल्यावर तळाच्या घोड्यांत गणला जाऊन पन्नाशीच्या आसपास वजन घेऊन पळतो. वजन उतरलं, पण समोरचे घोडे तगडे झाले. यातली कोणती बाजू जड? याचं उत्तर दर वेळी वेगळं येतं. घोड्याचं वय काय, मागची रेस त्यानं राखून जिंकली की शेवटच्या पन्नास मीटरमध्ये ओढून, अंतर तेच आहे की 1200 चं 1600 झालं, अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ, जॉकी बसवून वजनात आणखी सूट घेतली आहे का, हे सगळं त्यात येतं. असा एखादा प्रश्न घेऊन त्यावर दोन हंगाम घालवले तर हाताला काही लागतं.

याच कारणानं डर्बीच्या दिवशी माझी पद्धत निरुपयोगी ठरते. 1943 पासून चालत आलेली इंडियन डर्बी फेब्रुवारीत मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 2400 मीटरची होते. चार वर्षांचे सर्वोत्तम घोडे ठरलेल्या वजनावर पळतात, फक्त फिलींना, म्हणजे तरुण माद्यांना, थोडी सूट. तिथं हँडिकॅपरच्या मनात शिरायला वावच नाही. डर्बी मी डोळे भरून बघतो. 2010 मध्ये जॅकलिन या फिलीनं ती जिंकली, तेव्हा तर पैशांचा विचारही कुणाच्या मनात यायला नको होता.

पुणे आणि मुंबई या दोन वेगळ्या दुनिया आहेत, हेही ध्यानात घे. पुण्याचा हंगाम पावसाचा. ट्रॅक किती मऊ आहे ते पेनिट्रोमीटरनं मोजतात आणि आकडा जाहीर करतात. आकडा मोठा तितकी जमीन मऊ. ऑगस्टमध्ये भिजलेल्या गवतावर खुलणारा घोडा जानेवारीत महालक्ष्मीच्या कोरड्या ट्रॅकवर मंद दिसू शकतो. तुझ्या वहीत प्रत्येक धावेपुढे तो आकडा असायलाच हवा.

आता वहीबद्दल. पुढचे दोन महिने एकही रुपया लावू नकोस. रेसच्या आदल्या रात्री, भाव बघायच्या आत, तुझ्या घोड्यापुढे लिही की हीच रेस शंभर वेळा झाली तर हा किती वेळा जिंकेल. पंचवीस वेळा म्हणालीस तर त्याचा रास्त भाव एकाला तीन, म्हणजे एक रुपया लावला तर तीन रुपये नफा. रिंगमध्ये, म्हणजे रेसकोर्सवर बुकी बसतात तिथं, एकाला दोन मिळत असेल तर घोडा आवडता असला तरी सोड. एकाला पाच मिळत असेल तर थांबून विचार कर, की आपल्याला असं काय दिसलं जे इतरांना दिसलं नाही, की इतरांना दिसलं ते आपल्याला दिसलं नाही? दोन महिन्यांनी वही उघड. ज्यांना तू पंचवीस दिले त्यांतले खरोखर चारात एक आले का? दहात एकच आला असेल तर तुझी नजर अजून तयार झालेली नाही. हे कळायला खिशातला एक पैसाही गेलेला नसेल.

इथं तुला एक कटू गोष्ट सांगणं भाग आहे. सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला, त्याचा दाखला तू दिला आहेस. निकाल खरा आहे. पण त्या कौशल्यावर कर किती बसतो ते बघ. 22 सप्टेंबर 2025 पासून रेसच्या पैजेवर जीएसटी 40 टक्के झाला, आधी तो 28 होता. तो लावलेल्या संपूर्ण रकमेवर आहे, नफ्यावर नाही. तू वेगळा भर किंवा डिव्हिडंडमधून, म्हणजे जिंकल्यावर मिळणाऱ्या रकमेतून, वजा होऊ दे, जातो तुझ्याच खिशातून. समजा एकाला तीन भावानं हजार रुपये लावलेस आणि वर चारशे कर भरलास. जिंकलीस तर चार हजार हातात येणार, पण घालवायची तयारी चौदाशेंची. म्हणजे नुसती बरोबरी साधायलाही घोडा शंभरात पंचवीस नव्हे, पस्तीस वेळा यायला हवा. तुझ्या ऑफिसातली मुलं केलीच्या सूत्राबद्दल बोलतात ना? जॉन केली यांनी 1956 मध्ये बेल लॅब्जमध्ये ते मांडलं. आपल्या बाजूला जितकं पारडं झुकलेलं, तितकाच भाग लावा, असा त्याचा सांगावा. घोड्याची शक्यता तीस टक्के आणि भाव एकाला तीन असेल, तर करावाचून ते सूत्र भांडवलाच्या सहा-सात टक्के लाव म्हणतं. हा कर धरला की उत्तर शून्याच्या खाली जातं.

आयकर निराळाच. जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के, वर सेस. वर्षात चाळीस हजार जिंकून साठ हजार हरलीस, तरी चाळीस हजारांवर कर भरायचा. हरलेले त्यातून वजा होत नाहीत.

म्हणून नोकरी सोडून 'फुल टाइम' करण्याबद्दल जी ओळ तू पत्राच्या शेवटी लिहिलीस, तिला माझं उत्तर स्वच्छ नाही असं आहे. घोडे बघ, अभ्यास कर, थोडे पैसे लाव. यावर घर चालवायचा विचार मनातून काढून टाक.

थोडे म्हणजे किती? भाडं, घरी पाठवायचे पैसे, एसआयपी आणि अडीअडचणीची शिल्लक बाजूला काढून जे उरतं, त्यातून हंगामाची एक रक्कम ठरव, जी पूर्ण गेली तरी तुझ्या महिन्यात काही बदलणार नाही. तिचे पन्नास सारखे भाग कर. एका वेळी एकच भाग, कर धरून. जिंकलीस म्हणून दोन नाहीत, हरलीस म्हणून तर नाहीतच. हरल्यावर दुप्पट लावायची युक्ती तुला कुणीतरी शिकवली आहे. ती कागदावर मांडून बघ. शंभरापासून सुरू करून सलग दहा वेळा हरलीस तर 1,02,300 रुपये गेलेले असतात आणि अकराव्या वेळी 1,02,400 लावायचे असतात, कशासाठी, तर शेवटी शंभरच रुपये पदरात पडावेत म्हणून. आणि दहा हरी काही दुर्मीळ नाहीत. चारात एक घोडा बरोबर काढणारा माणूस दोनशे वेळा लावतो, तेव्हा कुठेतरी सलग तेरा-चौदा हरींची रांग लागणं अगदी स्वाभाविक आहे. त्या रांगेत नजर बिघडली की नशीब, हे आतून कळत नाही. वही आणि ठरलेला भाग, एवढंच त्या वेळी हाताशी असतं.

जॅकपॉट आणि टनालाची तिकिटं सध्या नको. जॅकपॉटला सलग पाच रेसचे विजेते आणि टनालाला एका रेसचे पहिले तीन घोडे क्रमानं सांगायचे, म्हणजे एका घोड्याबद्दलचं अज्ञान कितीतरी पटींनी वाढवणं.

फोनवर पैसे घेणाऱ्या, उधारीवर लावू देणाऱ्या बुकीकडे जाऊ नकोस. कर वाचतो म्हणून तो स्वस्त वाटतो. पण ते बेकायदेशीर आहे, पावती नाही, आणि उधारीला तळ नसतो. रेसकोर्सवर जाताना मोजकी रोकड ने, कार्ड घरी ठेव. टिपांबद्दल एवढंच, की कुणी टीप दिली तर वहीत त्याच्या नावानं रकाना पाड, त्या घोड्यावर लावू नकोस. महिनाभरात त्या माणसाची किंमत तुला कळेल.

एक गोष्ट मी काळजीनं लिहितो आहे. हरलेला आकडा घरात लपवावासा वाटला, रविवारचे पैसे सोमवारी भरून काढायला दुसऱ्या सेंटरची रेस शोधाविशी वाटली, झोप उडाली, तर त्याच दिवशी थांब आणि मला फोन कर. रात्री दोन वाजले तरी चालेल. माझ्याशी बोलवत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416. तिथं मराठीतही बोलता येतं. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

वहीचे रकाने असे आख: तारीख, रेस, अंतर, क्लास, रेटिंग, वजन, जॉकी, पेनिट्रोमीटर, तुझी शक्यता, मिळणारा भाव, निकाल, आणि शेवटी घोडा पॅडॉकमध्ये कसा दिसला त्याच्या दोन ओळी. तो शेवटचा रकाना तू माझ्यापेक्षा चांगला भरशील. दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी वही घेऊन घरी ये. दुपारी रेसला जायचं की नाही, ते वही बघून ठरवू. काकू जेवायला थांबवेलच.

तुझा,
काका