डी-७ की डी-८? पोर्तुगालला जाण्याआधी

पगार भारतीय कंपनीचा आणि काम लॅपटॉपवर असेल, तर पोर्तुगालच्या डी-७ व्हिसाचा नाद सोडा. तो पेन्शन, घरभाडं, लाभांश अशा बसल्या जागी येणाऱ्या उत्पन्नासाठी आहे. तुमच्यासाठी डी-८, म्हणजे परदेशी कंपनीचं काम दूरून करणाऱ्यांचा व्हिसा, ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस सुरू झालेला. उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या चौपट लागतं. २०२५ला ते वेतन ८७० युरो होतं, म्हणजे महिना ३,४८० युरो. पुण्यातल्या बऱ्याच पगारांची इथेच दांडी उडते.

डी-८मध्येही दोन प्रकार. एक वर्षभरापर्यंतच्या तात्पुरत्या मुक्कामाचा. दुसरा चार महिन्यांचा, त्यात तिथे पोचून रहिवासी परवाना काढायचा. कायम राहायचं मनात असेल तर दुसराच मागा.

परदेशातून काम करायला कंपनीची हरकत नाही, हे लेखी घ्या. एचआरच्या तोंडी होकाराला वकिलातीत काडीची किंमत नाही. पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्हा नोंद नसल्याचा दाखला, पासपोर्ट कार्यालयातून मिळतो.

बारा महिन्यांत १८३ दिवसांहून जास्त राहिलात, की तिथे कर लागू होतो; सीए आत्ताच गाठा. आणि एस्टोनियाच्या ई-रेसिडेन्सीला, म्हणजे परदेशी लोकांना मिळणाऱ्या सरकारी डिजिटल ओळखीला, भुलू नका: तिच्यावर कंपनी काढता येते, राहता येत नाही.