‘तुर्बियाँ’ म्हणजे वावटळ नव्हे, भोवरा

सतराव्या शतकातील फ्रेंच नाटककार मोलिएरच्या ‘ले फाम साव्हांत’ (विदुषी स्त्रिया) या नाटकात येणाऱ्या ‘तुर्बियाँ’ या फ्रेंच शब्दासाठी मराठीत ‘वावटळ’ लिहावे की ‘वादळ’, असा प्रश्न आला आहे. दोन्ही लिहू नयेत. ‘वावटळ’ हा अर्थ फ्रेंचमध्ये रूढ आहे, पण कोशातला पहिला अर्थ उचलून पुढे जाण्याच्या सवयीने या नाटकाचे फार नुकसान होते. चौथ्या अंकात त्रिसोतँ हा पांडित्य मिरवणारा कवी घाईघाईने सांगत येतो की, आपण झोपेत थोडक्यात बचावलो. एक जग आपल्या अगदी जवळून गेले, आपल्या तुर्बियाँतून आरपार पडले आणि वाटेत पृथ्वी आडवी आली असती तर तिच्या काचेसारख्या ठिकऱ्या उडाल्या असत्या. येथे ‘वावटळ’ घातली की रात्री पॅरिसवर सोसाट्याचा वारा सुटला होता असे वाचकाला वाटते. त्रिसोतँ बोलत आहे तो धूमकेतूविषयी, आणि ‘आपले तुर्बियाँ’ म्हणजे आपली सूर्यमाला.

हा अर्थ फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचा आहे. १६४४ मध्ये त्याने मांडले की, अवकाश कोठेही रिकामे नसून सूक्ष्म द्रव्याने भरलेले आहे. ते प्रत्येक ताऱ्याभोवती गरगरत असते आणि ग्रह त्या ओघाबरोबर वाहत फिरतात. हे समजावताना त्याने दृष्टान्त दिला तो नदीचा: पाणी जेथे स्वतःभोवती वळते तेथे तरंगणाऱ्या काड्या गोल फिरतात, काही स्वतःभोवतीही गिरक्या घेतात आणि मध्याजवळच्या काड्यांची फेरी लवकर पुरी होते. काठावर बसून हे पाहिलेला मराठी माणूस त्याला भोवराच म्हणेल.

आता खरी मौज पाहा. ‘तुर्बियाँ’च्या मुळाशी लॅटिन ‘तुर्बो’ आहे, आणि ‘तुर्बो’ म्हणजे गरगरणारा वारा तसाच मुलांच्या खेळातला भोवराही. रोमन कवी व्हर्जिलने ‘एनीड’ या महाकाव्याच्या सातव्या सर्गात चाबकाच्या फटक्यांनी फिरणाऱ्या भोवऱ्यासाठी हाच शब्द वापरला आहे. आपला ‘भोवरा’ही पाण्यातला, जाळी गुंडाळून फेकायचा आणि डोक्यावरच्या केसांतलाही. तो ‘भ्रमर’ या शब्दावरून आला हे सर्वमान्य आहे, परंतु खेळण्याला हे नाव भुंग्यासारख्या गुणगुणण्यामुळे मिळाले असे जे ठासून सांगितले जाते, ते मला मुळीच मान्य नाही. केसांतला भोवरा कधी गुणगुणतो का? तिन्हींत समान आहे ते फिरणे. ‘भ्रम्’ धातूतला हाच फेरा ‘भोवणे’ आणि ‘भोवती’ या शब्दांतही आहे; भुंग्यालाही ‘भ्रमर’ हे नाव फिरण्यावरूनच मिळाले, असे माझे ठाम मत आहे.

हे नाटक मार्च १६७२ मध्ये पॅरिसमधील पाले-रोयाल नाट्यगृहाच्या रंगमंचावर आले, तेव्हा १६६४च्या अखेरीस दिसलेला मोठा धूमकेतू लोकांच्या स्मरणात होता. ज्या आबे कोतँ या धर्मगुरू-लेखकावर त्रिसोतँचे पात्र बेतले, त्याने त्या धूमकेतूवर लेखनही केले होते. त्यामुळे प्रेक्षकांना संदर्भ शोधावा लागला नसणार. तो आपल्या अनुवादात हरवतो.

तिसऱ्या अंकात आर्मांद ही विदुषींपैकी एक देकार्तविषयी म्हणते, ‘मला त्याची तुर्बियाँ आवडतात.’ तेथे ‘मला त्याचे भोवरे आवडतात’ असे सरळ लिहावे. त्रिसोतँच्या ओळीत मात्र ‘आपल्या सूर्याच्या भोवऱ्यातून’ असे लिहावे, म्हणजे अर्थ लगेच उलगडेल. आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे क्षणभर अंगणातला लाकडी भोवरा उभा राहिला तरी व्हर्जिलच्या शब्दाशी ते इमान राखणेच होईल.