सिमसिटी २०००: पहिलं गाव बुडणारच

स्वागत! १९९३चा हा शहर वसवण्याचा गेम आज सुरू करतोयस, म्हणजे ग्राफिक्ससाठी आलेला नाहीस हे उघड आहे. पहिल्या गावाचं दिवाळं निघेल. आमचंही निघालं होतं.

सुरुवात 'इझी'वर कर. हातात २०,००० डॉलर येतात आणि तिथेच घात होतो. कोळशाच्या वीजकेंद्रात ४,००० जातात. उरलेल्या पैशांत नवखा माणूस हिरवा (घरं), निळा (दुकानं), पिवळा (कारखाने) असे झोन आखत अख्खा नकाशा रंगवत सुटतो. मग रस्त्यांना पैसे कुठून आणणार? गेम पॉजवर टाक, एक छोटा तुकडा नीट वसव आणि मग वेळ सोड.

सध्या एवढंच सांभाळ:

- रस्त्यापासून तीन चौकोनांपर्यंतच इमारती उगवतात. त्यापलीकडे झोन आखणं म्हणजे पैसे पाण्यात.
- कारखाने घरांना चिकटवू नकोस.
- तिजोरी आटली म्हणून कर एकदम वाढवू नकोस. लोक गाशा गुंडाळतात.
- रस्त्यांच्या निधीला कात्री लावू नकोस, रस्ते तुटायला लागतात.

आणि वीजकेंद्राचं आयुष्य ५० वर्षं! मी एकदा चित्त्याच्या वेगावर (कासव, लामा, चित्ता, वेगांची नावंच तशी आहेत) गेम सोडून चहा टाकायला उठलो. परत येतो तर गाव अंधारात आणि तिजोरीत जेमतेम बाराशे. तरी त्याच रात्री नवं गाव वसवायला घेतलं. इथे जिंकणं असं काही नाहीच, म्हणून तर सुटत नाही.

पाइपलाइन, आर्कोलॉजी (हजारो लोक मावणाऱ्या अवाढव्य इमारती) वगैरे आत्ता विसर. वस्ती पाच हजारांवर गेली की सांग, मग बोलू.