‘जशी आहे तशी’ घेतलेली गाडी

वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

प्रश्न : मी साताऱ्यात राहतो व खासगी नोकरी करतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये पुण्यातील जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून २०१७ सालची डिझेल गाडी ५ लाख ६० हजार रुपयांना घेतली. जाहिरातीत ‘एकाच मालकाची, फक्त ५२ हजार किलोमीटर चाललेली’ असे लिहिले होते आणि मीटरवरही तेवढाच आकडा होता. दुसऱ्याच महिन्यात घाट चढताना गाडीची ओढ गेली व काळा धूर येऊ लागला. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली, तेव्हा तेथील तीन वर्षांपूर्वीच्या नोंदीत तिचे १ लाख १८ हजार किलोमीटर दिसले. इंजिनाचे टर्बो आणि इंजेक्टर हे भाग बदलायला १ लाख ३५ हजार रुपये लागतील, असे सांगण्यात आले आहे. विक्रेता म्हणतो, ‘जुन्या गाडीला वॉरंटी नसते, आणि गाडी जशी आहे तशी पाहून घेतली, पुढे तक्रार नाही, या कागदावर तुमची सही आहे.’ मला काही दाद मागता येईल का?

उत्तर : दाद मागता येईल, मात्र त्यासाठी आपल्या दोन तक्रारी आधी वेगळ्या कराव्या लागतील. टर्बो निकामी झाला ही एक तक्रार आहे आणि मीटर मागे फिरवलेला निघाला ही दुसरी. आपल्याला पहिली अधिक जाचत असणार, कारण खर्च तिथे समोर उभा आहे. पण कायद्याच्या दृष्टीने आपले बळ दुसरीत आहे. आठ-नऊ वर्षे वापरलेल्या गाडीचा क्लच, बॅटरी, टायर, ब्रेक यांची झीज हा दोष मानला जात नाही, आणि टर्बोच्या बाबतीतही विक्रेता हेच म्हणेल. आपल्याकडे घेतलेली गाडी अमुक दिवसांत परत करण्याचा सरसकट हक्क देणारा कायदा नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु आपण पैसे मोजले ते ५२ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे, आणि हाती पडली ती त्याच्या दुपटीहून अधिक चाललेली. हा झिजेचा प्रश्न नाही. तक्रारअर्जाची सुरुवात इथूनच करावी आणि टर्बोचा खर्च त्या खोट्या आकड्याचा परिणाम म्हणून मांडावा.

आता त्या सही केलेल्या कागदाविषयी. तो अगदीच निरर्थक आहे असे समजू नये. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ प्रमाणे, ज्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून खरेदी होते, तो माल व्यापारयोग्य दर्जाचा असावा ही शर्त न लिहिताही करारात असते. परंतु ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांना ती लागू होत नाही, आणि कलम ६२ प्रमाणे अशी शर्त पक्षकारांना आपसांत वगळताही येते. म्हणजे दारावरचा पोचा, फाटलेले सीट किंवा गुळगुळीत झालेला टायर यांबद्दल आपण आता भांडू शकणार नाही. पण मीटरमधील आकडा पाहून घेतला म्हणजे तो खोटा आहे हेही पाहून घेतले, असा त्या कागदाचा अर्थ होत नाही. माल विक्रेत्याने केलेल्या वर्णनाशी जुळला पाहिजे, असे त्याच अधिनियमाचे कलम १५ सांगते, आणि ५२ हजार हा आकडा या गाडीच्या वर्णनाचाच भाग होता. शिवाय भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ व १९ नुसार, कपटाने मिळवलेल्या संमतीचा करार फसवला गेलेला पक्ष रद्द ठरवू शकतो.

येथे विक्रेत्याचा वकील दोन मुद्दे काढील, त्यांची तयारी आधीच ठेवावी. पहिला असा की, सर्व्हिस सेंटरला विचारून आपल्याला खरा आकडा खरेदीपूर्वीच कळू शकला असता. कलम १९ ला तसा अपवाद आहे खरा, पण तो कपटपूर्ण मौन आणि अनवधानाने केलेले चुकीचे विधान यांच्यापुरता आहे. जाणूनबुजून सांगितलेल्या खोट्या गोष्टीला त्याचा आधार मिळत नाही. दुसरा मुद्दा असा की, मीटर आधीच्या मालकाने फिरवला आणि आम्हीही फसलो. तसे असेलही. परंतु जाहिरात त्या मालकाने दिलेली नव्हती, ती विक्रेत्याने दिली आणि त्या आकड्यावर भाव लावला. वर सांगितलेल्या कलम १५ साठी विक्रेत्याला खोटेपणा ठाऊक होता हे सिद्ध करावे लागत नाही, आणि मालाच्या दर्जाविषयी खोटे निवेदन करणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. जो माणूस रोज गाड्या घेतो आणि विकतो, त्याने सर्व्हिस सेंटरच्या नोंदी न पाहता आकडा छापावा आणि जबाबदारी मात्र नोकरदार ग्राहकाने घ्यावी, हे मला मुळीच मान्य नाही.

कृपया आज लगेच गाडी दुरुस्त करून घेऊ नका. अशी प्रकरणे हातची जातात ती बहुधा याच ठिकाणी. गाडी गॅरेजमध्ये खोलली जाते, जुने भाग भंगारात जातात आणि ग्राहक आयोगासमोर उरते फक्त बिल. आधी सर्व्हिस सेंटरकडून शिक्क्यासह लेखी अहवाल घ्या; त्यात चॅसिस क्रमांक, जुन्या नोंदींच्या तारखा व किलोमीटर, आजचा मीटर आणि बिघाडाचे कारण असावे. जाहिरात अजून दिसत असेल तर तारखेसह तिची चित्रे घेऊन ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण पुसू नका, आणि ते असलेला फोनही विकू नका. त्यानंतर विक्रेत्याला पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून ठरावीक तारखेला गाडी तपासण्याची संधी द्या. गाडीवाचून अगदीच अडत असेल, तर ती तारीख उलटल्यावर दुरुस्ती करावी. मात्र काढलेला टर्बो आणि इंजेक्टर सर्व्हिस सेंटरकडून लेखी पोच घेऊन स्वतःजवळ सांभाळावेत. योग्य तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८ खाली वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण पाठवायला वस्तू शिल्लक असली पाहिजे.

तक्रारीसाठी पुण्याला खेटे घालण्याची गरज नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुभा त्याच अधिनियमाच्या कलम ३४ ने दिली आहे, त्यामुळे साताऱ्यातच तक्रार दाखल करता येईल. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. आपली रक्कम पाच ते दहा लाखांच्या टप्प्यात असल्यामुळे २०० रुपये भरावे लागतील. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरूनही तक्रार दाखल होते, आणि त्याआधी समेट होतो का हे पाहायचे असल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ अशा आश्वासनांत ती सरते आणि विक्रेत्याला नेमके तेच हवे असते. निकाल तीन महिन्यांत, किंवा वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, द्यावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक वेळ लागतो, याची मनाशी तयारी ठेवावी.

मागणी दोन पर्यायांत लिहावी. पहिला पर्याय : गाडी परत घेऊन पूर्ण किंमत व्याजासह द्यावी. दुसरा पर्याय : दोन्ही आकड्यांच्या गाड्यांच्या बाजारभावातील फरक, दुरुस्तीचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई द्यावी. आपण गाडी जितकी अधिक चालवाल, तितका पहिला पर्याय दुबळा होत जाईल.

प्रश्न : नांदेडमधील एका विक्रेत्याकडून सहा महिन्यांपूर्वी गाडी घेतली, पण आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) अजून आधीच्या मालकाच्याच नावावर आहे. विक्रेता म्हणतो, ‘मी फक्त मध्यस्थ आहे, तुम्ही मालकाला गाठा.’ तो मालक फोन उचलत नाही. काय करावे? (एक वाचक भगिनी)

उत्तर : पैसे कोणाच्या खात्यात गेले आणि पावती कोणी दिली, हे आधी पाहा. दोन्ही ठिकाणी विक्रेत्याचे नाव असेल, तर त्याला मध्यस्थ म्हणवून घेता येणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या बदलांनुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन विभागाचे अधिकारपत्र घेणे अपेक्षित आहे. ते पाच वर्षांसाठी असते. मालकाने अशा अधिकृत विक्रेत्याला गाडी दिल्याची ऑनलाइन सूचना दिली, की विक्री होईपर्यंत विक्रेताच मालक मानला जातो. म्हणून त्याच्याकडे अधिकारपत्राची प्रत लेखी मागा आणि तसे पत्र नसेल, तर ती गोष्ट तक्रारीत नमूद करा.

मात्र या प्रकरणात आपल्यावरही काही जबाबदारी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे, हस्तांतराची सूचना गाडी देणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहारात १४ दिवसांत, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यायची असते. आपण प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन गाडीवर बँकेचा बोजा किंवा न भरलेली चलने आहेत का, हे तपासून घ्यावे, कारण पुष्कळदा अडचणीचे मूळ तिथेच असते. हस्तांतरासाठीच्या फॉर्म २९ व ३० वर मालकाच्या सह्या विक्रेत्याकडे आहेत का, हेही विचारावे.

याहून तातडीची बाब विम्याची आहे. गाडी हस्तांतरित झाली की तृतीय पक्षाचा विमा कलम १५७ प्रमाणे आपोआप नव्या मालकाकडे येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याला हे लागू नाही. विमा आपल्या नावावर नसेल, तर अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो. विमा कंपनीला आजच लेखी कळवा. आधीच्या मालकालाही पत्र पाठवून एक गोष्ट कळवावी : सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जातो. हे कळल्यावर न उचलला जाणारा फोन बहुधा उचलला जातो.

प्रश्न : मी जुनी गाडी भाड्याने चालवण्यासाठी घेतली. मला ‘ग्राहक’ म्हणून तक्रार करता येईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपण स्वतः गाडी चालवून त्यावर पोट भरत असाल, तर करता येईल. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, पण स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूतून वगळली आहे. गाड्या अनेक असतील व चालक पगारी असतील, तर मात्र दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरावा लागेल. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात आपण एकटेच ही गाडी चालवता, आपल्याला दुसरे उत्पन्न नाही, हे लिहा आणि परवान्याची प्रत सोबत जोडा.