सायफर : शून्यातून निघालेली गुप्तलिपी

प्रश्न : इंग्रजी बातम्यांत गुप्त संदेशाला ‘सायफर’ म्हणतात. शब्दकोशात मात्र त्याच शब्दाचा एक अर्थ ‘शून्य’ दिलेला आढळतो. या दोन अर्थांचा संबंध काय? आणि कोड व सायफर एकच का?

उत्तर : संबंध थेट आहे आणि त्याचं मूळ आपल्याकडे आहे. दशमान पद्धतीचे भारतीय अंक अरबी गणितज्ञांनी घेतले, तेव्हा ‘शून्य’ला त्यांनी ‘रिकामं’ या अर्थाचा स्वतःचा शब्द दिला : ‘सिफ्र’. उर्दूतला ‘सिफर’ तोच. युरोपात या शब्दाला दोन फाटे फुटले. इटलीतल्या फिबोनाचीने १२०२ च्या ग्रंथात त्याचं लॅटिन रूप ‘झेफिरुम’ असं केलं, आणि त्याचं घासत घासत ‘झीरो’ झालं. दुसरं लॅटिन रूप ‘सिफ्रा’. ते फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन ‘सायफर’ झालं. म्हणजे झीरो आणि सायफर ही सख्खी भावंडं.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस आला तो शून्य या अर्थानेच. पुढे कोणत्याही अंकाला सायफर म्हणू लागले. फ्रेंचमध्ये ‘शिफ्र’ आणि जर्मनमध्ये ‘त्सिफर’ म्हणजे आजही अंकच. त्या काळचे राजदूत गुप्त पत्रांत अक्षरांच्या जागी अंक आणि मनाने बनवलेली चिन्हं घालत, म्हणून सोळाव्या शतकात अशा लिखाणालाच सायफर हे नाव पडलं.

फ्लॉरेन्सच्या सराफ संघाने १२९९ मध्ये हिशेबात हे भारतीय अंक वापरायला बंदी घातली, लोक ते चोरून वापरू लागले आणि तिथून ‘गुप्त’ हा अर्थ आला, अशी एक गोष्ट सांगितली जाते. बंदी खरी आहे, पण जोडलेला निष्कर्ष पटत नाही. हा अर्थ रुळला तोवर इटलीतले व्यापारी ते अंक राजरोस वापरत होते.

कोड आणि सायफर मात्र वेगळे. कोडमध्ये अख्ख्या शब्दाला किंवा कल्पनेला खूण ठरते : ‘आंबे पोचले’ म्हणजे ‘पैसे मिळाले’. ठरलेल्या यादीबाहेरचं काही त्यात सांगता येत नाही. सायफर अक्षराअक्षरावर चालतो, त्यामुळे कुठलाही मजकूर त्यात बसतो. आपल्याकडची मुलं बोलतात ती ‘च’ची भाषा या अर्थाने सायफरच : ‘पाणी’चं ‘चाणीप’. कामसूत्राच्या चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ ही गुप्तलेखनाची कला आहे. यशोधराच्या जयमंगला टीकेत तिच्यातला ‘मूलदेवीय’ हा प्रकार दिला आहे. त्यात अक्षरांच्या जोड्या ठरवून अदलाबदल करायची : त–प, ल–स, न–म, ख–ग. त्यानुसार ‘ताल’ लिहिला की ‘पास’ होतो!

स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या सायफरमध्ये कोड आणि सायफर दोन्ही मिसळलेले होते. अक्षरांना चिन्हं, काही नेहमीच्या शब्दांना वेगळी चिन्हं आणि चार चिन्हं निव्वळ रिकामी, वाचणाऱ्याला चकवण्यासाठी. तरीही इंग्लंडच्या हेरखात्यातल्या थॉमस फेलिप्सने ती पत्रं उलगडली. एका पत्राखाली त्याने तिच्याच सायफरमध्ये बनावट ताजा कलम जोडून इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीला मारण्याच्या कटातल्या लोकांची नावं मागितली. फेब्रुवारी १५८७ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. कच्चा सायफर हा सायफर नसण्याहून घातक, कारण लिहिणारा त्याच्या भरवशावर सगळं मोकळेपणाने लिहून जातो.

प्रश्न : माझी मुलगी मैत्रिणीला चिठ्ठी लिहिताना प्रत्येक व्यंजन तीन घरं पुढे सरकवते, स्वर आणि मात्रा तशाच ठेवते. वर्गात ती लगेच वाचली गेली. कुठे चुकलं?

उत्तर : ही ज्युलियस सीझरची पद्धत. तोही तीनच घरं सरकवायचा. ‘क’पासून ‘ह’ आणि पुढे ‘ळ’ धरून ३४ व्यंजनं होतात, ‘ळ’नंतर पुन्हा ‘क’ येतो. ‘मामा गावाला गेला आहे’चं होईल ‘लाला चासाषा चेषा आखे’. इथे तीन गोष्टी चुगली करतात. वाक्याच्या शेवटी ‘आखे’ दिसलं की मराठी माणूस ‘आहे’च धरणार, मग ‘ह’चा ‘ख’ म्हणजे तीन घरं, आणि सगळी चिठ्ठी उघडी. ‘लाला’मधली जोडी तशीच राहिली आहे. आणि काहीच सुचलं नाही तरी ३३ वेळा सरकवून पाहिलं की काम झालं.

सुधारणा अशी करा. एक घर न ठरवता किल्ली ठरवा, समजा ४-१-७. पहिलं व्यंजन चार घरं, दुसरं एक, तिसरं सात, चौथं पुन्हा चार. आता तेच वाक्य ‘वाया ञाहावा ञेसा आळे’ होतं. ‘मामा’ची जोडी फुटली. पण दोन्ही ‘ग’ तिसऱ्या आणि सहाव्या जागी आल्याने दोन्हींचा ‘ञ’च झाला. किल्ली आखूड असली की हे होणारच. याच पुनरावृत्तीवरून किल्लीची लांबी काढायची रीत प्रशियाचा लष्करी अधिकारी कासिस्की याने १८६३ मध्ये छापली. म्हणून किल्ली निदान आठ-दहा आकड्यांची हवी आणि ते आकडे वाढदिवसाचे नकोत.

शब्दांमधल्या जागा काढून टाका आणि पाच-पाच अक्षरांचे गट करा. वाक्य ‘आहे’ने संपवू नका, कारण मात्रा जागेवर असल्याने तो शेवट किल्ली बदलूनही ओळखू येतो. दर सातवं अक्षर रिकामं, म्हणजे निरर्थक, टाकायचं असंही ठरवता येईल. जोडाक्षराचा नियम आधीच पक्का करा : ‘उद्या’त ‘द’ आणि ‘य’ दोन्ही मोजायचे. एकीने एक धरलं आणि दुसरीने दोन, तर तिथून पुढची सगळी चिठ्ठी बिघडते. असं झालं तर पहिल्या जोडाक्षरापासून मोजणी तपासा, चूक बहुतेक तिथेच सापडेल.