जागेआधी माणसे पाहा
दहा कुटुंबे मिळून गृहनिर्माण संस्था काढता आहात, हे उत्तमच. आमची चूक अशी झाली, की आधी जागा ठरवली आणि मग सभासद गोळा केले. त्यांतले चौघे राहायला नव्हे, तर भाव चढल्यावर विकायला आले होते. म्हणून आधी माणसे पारखा, आणि जमीन व इमारत संस्थेच्या मालकीची, सभासदाकडे भाग (शेअर) व वहिवाटीचा, म्हणजे राहण्या-वापरण्याचा हक्क, अशी भाडेकरू-सहभागीदारी पद्धत निवडा. सातबारा व बिगरशेती आदेशाबरोबर कोल्हापूरच्या पंचगंगा नदीची पूररेषाही तपासा. २०१९ चे पाणी कुठवर आले होते, हे शेजारी भिंतीवर हात ठेवून दाखवतात. वर्गणी मात्र कुणाच्याही वैयक्तिक खात्यात नको, मग तो सख्खा मेहुणा का असेना. संस्थेचे नाव निबंधकाकडे आरक्षित करून जिल्हा मध्यवर्ती बँकेत नियोजित संस्थेचे खाते उघडा. उपविधींचा, म्हणजे संस्थेच्या अंतर्गत नियमांचा, कीस नंतर काढू.